कपाटावरचं खोकं

ताई,

माझी नि माझ्या मैत्रिणीची ओळख एकवीस वर्षांची. दीड वर्षापूर्वी ती नव्या घरात राहायला गेली तेव्हा मी तिला जमिनीवर उभा करायचा विजेचा पितळी दिवा दिला. असा दिवा कित्येक वर्षं माझ्या डोक्यात होता. चार ठिकाणी फिरले, ठरवलं होतं त्याच्या दुप्पट खर्च केला. उघडल्यावर ती ‘अय्या, कसला भारी आहे!’ म्हणाली, मला मिठी मारली, आणि मी हवेत! गेल्या आठवड्यात तिच्या बेडरूममध्ये चार्जर आणायला गेले तर दिव्याचं खोकं कपाटावर. नवी चिकटपट्टी लावून नीट बंद केलेलं. मागे वळले तर ती दारात उभी. दोघीही काही बोललो नाही.

आणि तिने मला काय दिलं होतं, तर किल्ल्या अडकवायची पाच हुकांची साधी लाकडी पट्टी. ती मी दिवसातून चारदा वापरते.

पुढच्या महिन्यात तिचा चाळिसावा वाढदिवस आहे आणि मला धडकी भरली आहे. नवरा म्हणतो, सरळ पाकीट दे. तिलाच विचारावं तर त्यात मजा काय राहिली? शिवाय बाबांची सत्तरी आलीये, ते ‘मला काही नको’ यापलीकडे बोलत नाहीत. नणंदेच्या तीन मुलींसाठी दरवेळी तीन वेगळ्या वस्तू शोधताना जीव मेटाकुटीला येतो. मला हे जमतच नाही का? कृपया एकेरीत लिहा, ‘अहो-जाहो’ केलंत तर मला आणखी ओरडा खाल्ल्यासारखं वाटेल.

कपाटाकडे न बघणारी

*

कपाटाकडे न बघणारे,

बरं, एकेरीत.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चिकटपट्टीपाशी अडकले. नको असलेली वस्तू माणूस कोपऱ्यात ढकलतो, कुणाच्या तरी गळ्यात मारतो, नाहीतर तिच्यावर इस्त्रीचे कपडे रचतो. खोकं पुन्हा नीट भरायचं, पट्टी आणून चिकटवायची, स्टुलावर चढून ते वर ठेवायचं, एवढा खटाटोप कोण करतं? ज्याला वस्तू ठेवायला जागा नाही पण टाकवतही नाही, तो. त्यामुळे ती दारात उभी होती तेव्हा तिलाही तुझ्याइतकंच कानकोंडं झालं असणार. हे आधी डोक्यात घे, कारण तू सध्या स्वतःला नापास करून बसली आहेस आणि त्या मनःस्थितीत केलेली खरेदी हमखास फसते. माणूस मागची चूक भरून काढायला आणखी मोठं काहीतरी घेतो. तुझ्या बाबतीत दुसरं, अजून मोठं खोकं.

आता त्या लाकडी पट्टीकडे बघ. ती घेण्यासाठी तुझी मैत्रीण चार ठिकाणी फिरली असेल असं मला वाटत नाही. तिने फक्त फोन कानाला लावलेला होता आणि पलीकडून तू ‘थांब गं, किल्ली कुठे गेली, आत्ता इथेच होती’ करत पर्स उलटी करत होतीस. हे तिने दहादा, वीसदा ऐकलं असेल. कधीतरी तिच्या मनात आलं असेल की हिच्या दाराशी एक काहीतरी ठोकायला पाहिजे. भेट तिथेच ठरली. दुकानात जाणं हा नंतरचा, किरकोळ भाग.

तू मात्र सुरुवात दिव्यापासून केलीस. दिवा आधी, मैत्रीण नंतर. हे टोचून सांगत नाहीये, आपण सगळेच हे करतो. २०१६ साली जेफ गालाक, ज्युलियन गिवी आणि एलेनॉर विल्यम्स या अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी भेटवस्तूंवरच्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कागद फाडण्याचा तो क्षण असतो, आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती वस्तू घरात असतानाचे पुढचे सगळे दिवस. देणारा ‘अय्या!’ ऐकण्यासाठी निवडतो. घेणाऱ्याला मंगळवारी संध्याकाळी उपयोगी पडेल असं काहीतरी हवं असतं. तुझ्या पत्रातही बघ, ‘अय्या’ आहे, मिठी आहे, पण तो दिवा तिच्या घरात कुठे उभा राहणार होता याबद्दल एक अक्षर नाही. तिथे जवळ प्लग आहे का? घरात पळापळ करणारं मूल आहे का? पितळ हवेने काळवंडतं, ते घासत कोण बसणार? दिवा सुंदरच असेल. पण त्याच्यासोबत तू तिला एक मोकळा कोपरा आणि महिन्यातून एकदा घासायचं काम शोधायला लावलंस.

खर्चाचंही सांगते, कारण ‘दुप्पट’ हा शब्द तू लिहिलास तेव्हा तो थोडा ठसठसत होता. २००९ मध्ये फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी नुकताच साखरपुडा झालेल्या जोडप्यांना अंगठीबद्दल विचारलं. पुरुषांना वाटत होतं, जितकी महाग अंगठी तितकी तिला जास्त आवडली असणार. प्रत्यक्षात बायकांच्या आवडीचा आणि किमतीचा तसा संबंध दिसला नाही. इतर भेटींच्या बाबतीतही त्यांना हेच आढळलं. खिशाला चाट बसते ती देणाऱ्याला जाणवते. घेणारा पावती बघत नाही. क्वचित अंदाज येतो, आणि तेव्हा बहुतेकदा त्याला ओशाळल्यासारखं होतं, आता आपणही एवढंच द्यायला हवं म्हणून.

माझी फजिती ऐक. माझी एक मैत्रीण चाळिशीनंतर चित्रं काढायला लागली. मी उत्साहाच्या भरात तिला तैलरंगांची मोठी लाकडी पेटी दिली. आत ट्यूबांच्या दोन रांगा, ब्रश, लाकडी पॅलेट, टर्पेंटाइनची बाटली. पेटी बघून मलाच चित्रकार व्हावंसं वाटलं. ती खूश झाली, निदान तसं दिसलं. वर्षभराने कळलं की ती जलरंगात काम करते. मुलगा झोपल्यावर डायनिंग टेबलाच्या एका टोकाला तास-दीड तास बसते आणि सकाळच्या आत सगळं आवरून ठेवते. तैलरंग वाळायला कित्येक दिवस घेतात. ओलं चित्र ठेवायचं कुठे? आणि टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत मुलाच्या उशाशी? तिने एकदा बाटली उघडली, खिडक्या उघडल्या, बाटली बंद केली. पेटी कपाटावर गेली. हो, कपाटावरच.

गंमत म्हणजे उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिच्या टेबलावर नेहमी स्वस्तातल्या कागदाचा गठ्ठा असायचा. पाणी लागलं की तो कागद वेडावाकडा व्हायचा, आणि ती चित्रावर जाड पुस्तकं ठेवून तो सपाट करत बसायची. एकदा म्हणालीसुद्धा होती, ‘चांगला कागद हातात घेतला की भीती वाटते, बिघडला तर?’ पुढच्या वाढदिवसाला मी तिला तीनशे जीएसएमचा (म्हणजे जाडजूड), शंभर टक्के कॉटनचा जलरंगाचा कागद दिला. एक-दोन नाही, चांगला जाड गठ्ठा, म्हणजे एक पान वाया गेलं तरी जीव हळहळणार नाही. सोबत चिठ्ठीत लिहिलं, ‘यातली पहिली पाच पानं बिघडवण्यासाठी आहेत.’ तिने त्या रात्री मला बिघडलेल्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला.

यातून मी एक गोष्ट शिकले, तुला उपयोगी पडेल म्हणून सांगते. ज्याला एखादा छंद आहे त्याला हत्यारं देऊ नयेत, खपणारा माल द्यावा. हत्यार तो माणूस स्वतः पारखून घेतो. त्याचं वजन, त्याची पकड याबद्दल त्याची मतं असतात आणि ती आपल्याला माहीत नसतात. पण कागद, लोकर, चांगलं बियाणं, गिटारच्या तारा, या गोष्टी संपतात. संपतात म्हणूनच माणूस त्या स्वतःसाठी बेताच्या दर्जाच्या घेतो. वरच्या दर्जाच्या घ्यायला हात कचरतो. तिथे तुझा हात चालू दे.

आता लक्ष कुठे ठेवायचं? मी तीन जागी ठेवते. माणूस कशाबद्दल पुन्हापुन्हा कुरकुरतो. कुठली वस्तू दोऱ्याने, रबराने, फेव्हिकॉलने जुगाड करून वापरतो. आणि दुकानात काय हातात घेऊन, उलटंपालटं करून परत ठेवतो. यातलं तिसरं सगळ्यात सोपं, पण त्यासाठी तिच्याबरोबर दुकानात तुला हवं ते शोधत न बसता चार मिनिटं तिच्याकडे बघावं लागतं. आणि जे दिसेल ते लगेच लिहून ठेवायचं. ‘लक्षात राहील’ म्हणू नकोस, नाही राहत. माझ्या फोनमध्ये एक नोंद आहे, तिच्यात माणसांच्या नावाखाली अशी बारीकसारीक टिपणं आहेत: ‘भाऊ – छत्री उलटी होते, तिसऱ्यांदा.’ ‘मावशी – पुस्तक वाचताना मोबाइलचा टॉर्च दातात.’ ‘शेजारीण – स्वतःचे फोटोच नाहीत, सगळे हिनेच काढलेले.’ या तिसऱ्या ओळीवरून काय दिलं असेल ओळख. एका सहलीत मी दिवसभर गुपचूप तिचे फोटो काढले, त्यातले बारा निवडून छापून दिले. खर्च जवळपास शून्य. ती दारातच रडली, मग मीही. पण ते ‘अय्या’ अनपेक्षित होतं, त्यासाठी काही केलं नव्हतं.

एक धोका मात्र सांगून ठेवते. लक्ष ठेवणं म्हणजे माणसावर शिक्का मारणं नव्हे. माझ्या ओळखीत एकजण आहे, ती कधीतरी सहज म्हणाली होती की घुबडं गोड दिसतात. आज तिच्याकडे एकोणीस घुबडं आहेत. लाकडी, काचेची, उशीच्या आकाराची, घड्याळाच्या पोटातली. तिला आता खऱ्या घुबडाचासुद्धा राग येतो. एकदा कुणीतरी काही आवडतं म्हणालं की पुढची दहा वर्षं तेच देत राहणं हा निव्वळ आळस आहे. आणि ज्या भेटीच्या पोटात उपदेश आहे ती देऊच नकोस. वजनकाटा, ‘वेळेचं नियोजन’ शिकवणारं पुस्तक, मागितल्याशिवाय दिलेली व्यायामाची सायकल. प्रेमाने दिलं तरी समोरच्याला ‘तू अशी चालणार नाहीस’ एवढंच ऐकू येतं. जिवंत प्राणी तर विचारल्याशिवाय कधीच नाही, त्यावर चर्चासुद्धा नको.

नवऱ्याच्या पाकिटाबद्दल. तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये, त्याच्या बाजूने एक अर्थशास्त्रज्ञ उभा आहे. जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या भेटींबद्दल विचारलं: भावना बाजूला ठेवून, ही वस्तू घ्यायला तू स्वतः किती पैसे मोजले असतेस? उत्तरं आली ती प्रत्यक्ष किमतीपेक्षा कमी होती. त्यांच्या हिशेबाने भेटींच्या किमतीचा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग असाच वाया जात होता. हे सांगून नवऱ्याला जिंकल्यासारखं वाटेल, म्हणून त्याला पुढचंही सांग. लांबच्या नातेवाइकांच्या भेटींमध्ये ही घट जास्त होती. मित्रमैत्रिणींच्या आणि जोडीदाराच्या भेटींमध्ये सगळ्यात कमी. म्हणजे ज्याचं तुला फारसं माहीत नाही त्याला खुशाल पाकीट दे, त्यात कमीपणा काही नाही. तरुण पोरांना, नवं बिऱ्हाड मांडणाऱ्यांना तर पैसेच लागतात. पण जिची तुला एकवीस वर्षांची माहिती आहे तिला पाकीट देणं म्हणजे ती सगळी माहिती न वापरता ठेवून देणं. आणि ‘भावना बाजूला ठेवून’ ही त्या प्रश्नातली अटच तुझ्या मैत्रिणीला लागू होत नाही. भावना बाजूला ठेवता आल्या असत्या तर तिने ते खोकं केव्हाच रद्दीवाल्याला दिलं असतं.

विचारण्याबद्दल माझं मत तुझ्यापेक्षा वेगळं आहे. विचारून मजा जाते ती आपली, देणाऱ्याची. घेणाऱ्याला हवं ते मिळतं, त्याची काय मजा जाणार? फक्त ‘तुला काय हवं?’ असं मोघम विचारू नकोस. तो प्रश्न म्हणजे आपलं काम तिच्या डोक्यावर ठेवणं, आणि त्याला उत्तर एकच येतं, ‘काही नको गं, तू ये.’ नेमकं विचार. ‘तुझी प्रवासाची बॅग फाटलीये ना? मी नवी घेतेय. चाकांची हवी की पाठीवरची?’ आता तिला संकोच करायला जागा उरली नाही. बॅग येणार हे ठरलंय, फक्त चाकं की पट्टे एवढंच सांगायचंय. कपडे, चपला, चश्मा, अत्तर, म्हणजे जे जे अंगाला लागतं ते तर विचारल्याशिवाय घेऊच नये. मापाच्या बाबतीत अंदाज चुकला तर वर एक नको असलेला अर्थ चिकटतो.

नणंदेच्या मुलींचं पटकन संपवू या, कारण तिथे तू उगीचच घाम गाळते आहेस. २०१४ मध्ये मेरी स्टेफेल आणि रॉबिन लबफ यांनी दाखवून दिलं की एकापेक्षा जास्त जणांसाठी एकदम खरेदी करताना आपण प्रत्येकाला वेगळं काहीतरी द्यायच्या नादात कमी आवडणारी वस्तूसुद्धा उचलतो. ते लोक एकमेकांच्या भेटी कधी बघणारही नसले तरी! तिघींना एकच चांगली गोष्ट आवडणार असेल तर तिघींना तीच दे. फार तर रंग वेगळे घे. खरं तर एकत्र राहणाऱ्या बहिणींना सारखंच दिलेलं बरं, भांडणं वाचतात. रंगावरून होतील तेवढी होऊ देत.

बाबांवर जरा बसून बोलायला हवं. ‘मला काही नको’ म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा खरोखरच वस्तू नको असते. आयुष्यभर सांभाळलेल्या वस्तूंचंच त्यांना ओझं झालेलं असतं. म्हणून नवीन काही आणण्याआधी जुनं काय लंगडतंय ते बघ. पुढच्या वेळी गेलीस की त्यांच्या खुर्चीत दहा मिनिटं बस, ते नसताना. तिथून दिवा कुठे पडतो? वाचायला प्रकाश मागून येतो की डोळ्यांवर? रेडिओचं बटण आहे की त्याच्या जागी काडेपेटीची काडी खोचलीये? चश्म्याच्या काडीला दोरा आहे का? रिमोटचं झाकण कुठे हरवलंय? (एका खुर्चीत बसून माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत मला चार गोष्टी सापडल्या होत्या, पाचवी म्हणजे ती खुर्चीच.) यातली एक गोष्ट दुरुस्त करून आणून दे. नवीन नको, त्यांचीच, दुरुस्त केलेली. त्यांच्या पिढीला टाकून नवीन घेण्यापेक्षा याचं कौतुक जास्त असतं.

आणि एखादं आधुनिक यंत्र द्यायचा मोह झालाच, तर तुझ्या चार-पाच दुपारीही त्या भेटीतच धर. खोक्यातून काढणं, जोडणं, अक्षर मोठं करणं, पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्या अक्षरात लिहून घेणं, आणि दुसऱ्या आठवड्यात ‘ते परत बंद पडलं’ असा फोन आला की न वैतागता जाणं. एवढं जमणार नसेल तर यंत्र देऊ नकोस. न चालवता येणारं यंत्र समोर ठेवलं की म्हाताऱ्या माणसाला रोज सकाळी आपलं वय आठवतं.

सत्तरीसाठी माझ्याकडे आणखी एक सुचवण आहे. घरातली जुनी फोटोंची पिशवी घेऊन त्यांच्याजवळ बस. प्रत्येक फोटो उचलायचा, विचारायचं हे कोण, हे कुठे, आणि मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहायचं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. साधी पेन्सिल चकचकीत कागदावर उमटली नाही तर वेगळ्या चिठ्ठीवर नंबर घालून लिही. माझ्या वडिलांबरोबर मी हे उशिरा सुरू केलं. सातव्या की आठव्या फोटोत ते एका सायकलला टेकून उभे होते, शेजारी एक मुलगा, दोघांच्या शर्टाच्या बाह्या एकसारख्या दुमडलेल्या. ‘हा कोण?’ तर म्हणाले, ‘हा... अगं, सायकल याचीच. परत करायची राहून गेली.’ मग पाऊण तास ती सायकल. पिशवीत निम्म्याहून जास्त फोटो उरले आहेत आणि त्यातली माणसं मला आता कुणीच सांगू शकत नाही. म्हणून तुला घाई करते आहे.

आता चाळिसावा. पहिली गोष्ट, ‘चाळीस’ हा आकडा विसर. आकडा छापलेला मग, आकडा छापलेली उशी, ‘आयुष्य चाळिशीत सुरू होतं’ असलं काही नको. तो तिचा वाढदिवस आहे, आकड्याचा नाही. आणि अचानक जमवलेली मोठी पार्टी देण्याआधी आठव, एकवीस वर्षांत तिने स्वतःहून कधी तीसजणांना एकत्र बोलावलंय का.

ती नक्की कशाबद्दल कुरकुरते ते मला माहीत नाही, तुला माहीत आहे. पुढचे दोन आठवडे तिच्याशी बोलताना कागद जवळ ठेव. तिने तुझ्या फोनवरून किल्ल्या ओळखल्या होत्या, तूही फोनवरूनच सुरुवात कर. तिच्या मागे कसला आवाज येतो? ती कुठलं वाक्य नेहमी बोलते? ‘दोन मिनिटं शांत बसायला मिळत नाही’ म्हणत असेल तर तिला वस्तू नको, एक मोकळी दुपार हवी. मग ती दुपार पूर्ण दे: तारीख तूच ठरव, मुलांना कोण सांभाळणार ते तूच बघ, तिला तिथे कोण नेणार तेही. ‘कधीतरी जाऊ या गं’ अशी कुपनं मी दिली आहेत आणि घेतली आहेत. त्यातलं एकही वटलेलं नाही. जागाही फार लांबची, फार खास निवडू नकोस. आपण देताना ‘खास’ बघतो, घेणाऱ्याला ‘जवळ’ जास्त सोयीचं पडतं.

काहीच सुचलं नाही तर पत्र लिही. पण ‘तू खूप प्रेमळ आहेस, खंबीर आहेस’ असलं नको, ते कुणालाही लागू पडतं. एकवीस वर्षांतला एकच दिवस घे आणि तो पूर्ण लिही. तिने काय घातलं होतं, काय म्हणाली, तू त्या वेळी तिला जे सांगितलं नाहीस ते काय होतं. एक पान पुरे. हाताने लिही, खाडाखोड राहू दे.

सजावटीवर वेळ घालवू नकोस. २०२० च्या एका अभ्यासात तर जवळच्या मित्रांनी ओबडधोबड कागदात गुंडाळून दिलेली भेट लोकांना जास्त आवडलेली दिसली. वरून साधं दिसलं की अपेक्षा कमी होते, आणि मग आतलं बघून बरं वाटतं. नुसती ओळख असलेल्यांच्या बाबतीत उलटं होतं, तिथे नीटनेटकेपणा हवा. तिच्यासाठी वर्तमानपत्र चालेल.

राहता राहिला दिवा. त्याचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस, पण तो विषय वाढदिवसाच्या आधी संपवून टाक, नाहीतर नवीन भेट उघडताना दोघींची नजर कपाटाकडेच जाईल. मुद्दाम भेट घेऊन गंभीर चेहरा करू नकोस. फोनवर, दुसरं काहीतरी बोलता बोलता म्हण, ‘ए, तो दिवा तुझ्याकडे मावत नाही ना? मी घेताना जागेचा विचारच केला नव्हता.’ ‘मावत नाही’ म्हण, ‘आवडला नाही’ म्हणू नकोस. ती आधी ‘नाही गं, लावणारच होते’ म्हणेल, ते एकदा म्हणू दे. मग हसेल. मग सांग की रविवारी घेऊन जाते.

आणि खरंच घेऊन ये. कित्येक वर्षं तो तुझ्या डोक्यात होता ना? तुझ्या घरी किल्ल्यांच्या पट्टीखाली, दाराशी, एक कोपरा असेलच.

तुझी,
ताई